पाणी जिथपर्यंत लागतं

मावशी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. डोंबिवली पूर्वेला रामनगरात राहते आणि गुडघा ज्या दिवशी परवानगी देईल त्या दिवशी प्रवचनाला जाते. गेल्या चातुर्मासात तिला सोडायला गेले, तर पाऊस असा कोसळला की मलाही बसावं लागलं. विषय होता तैत्तिरीय उपनिषदातले पंचकोश. बुवांचा आवाज गोड, पाठांतर चोख. त्यांनी कांद्याचा दाखला घेतला. अन्नमय कोश म्हणजे वरचा वाळका पापुद्रा, तो काढा. मग प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. सोलत आत जा. "वर दिसतं ते सोंग, आत असतं ते खरं," असं म्हणून ते क्षणभर थांबले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. 'ऐक जरा, सायन्सवाले' असा त्या बघण्याचा अर्थ होता.

कांदा सोलत गेलं की शेवटी हातात काहीच उरत नाही, हे त्या सभागृहातल्या शे-दीडशे बायकांना चांगलं ठाऊक असणार. कुणी बोललं नाही. मीही नाही.

मी कल्याणच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी एम.एस्सी.च्या वर्गात माझा विषय नेमका उलट्या बाजूचा होता: प्रथिनातली कोणती अमिनो आम्लं बाहेर आहेत आणि कोणती आत, हे संगणकाकडून कसं मोजून घ्यायचं. मुलं 'एक्स्पोज्ड' आणि 'बरीड' म्हणतात. मी फळ्यावर 'पाणी लागणारं' आणि 'पाणी न लागणारं' असं लिहिते, कारण मोजायचं तेवढंच असतं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती पेशीतल्या पाण्यात पडली की स्वतःभोवती गुंडाळत जाते. काही मण्यांना पाणी आवडतं, काहींना अजिबात नाही. न आवडणारे, आम्ही त्यांना तेलकट म्हणतो, ते आत तोंड लपवतात. झालेला गोळा इतका घट्ट बसतो की गाभ्यात पाण्याच्या रेणूलाही सहसा जागा नसते. आता या ओबडधोबड गोळ्याचं 'बाहेर' म्हणजे नक्की काय? १९७१ साली ली आणि रिचर्ड्स या दोघांनी त्याला सोपं उत्तर दिलं. पाण्याच्या रेणूएवढा एक चेंडू घ्यायचा, त्रिज्या १.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि तो गोळ्यावरून सगळीकडे घरंगळवायचा. चेंडू जिथपर्यंत टेकतो ते बाहेर. जिथे शिरू शकत नाही ते आत. दोन वर्षांनी श्रेक आणि रप्ली यांनी हेच गणित ठिपक्यांवर आणलं: प्रत्येक अणूभोवती गोलावर ९२ ठिपके मांडायचे आणि त्यातले किती शेजारच्या अणूंच्या पोटात गडप झाले ते मोजायचं. उरलेले ठिपके म्हणजे उघडी जागा. आमच्या प्रयोगशाळेतला जुना संगणकसुद्धा हे काही सेकंदांत करतो.

इथे मुलांची पहिली चूक ठरलेली असते. ट्रिप्टोफॅनची उघडी जागा ५० चौरस अँगस्ट्रॉम आली आणि ग्लायसिनची ४०, म्हणून ट्रिप्टोफॅन जास्त उघडा, असं लिहून मोकळे होतात. मी त्यांना सकाळच्या फास्ट लोकलचा लेडीज डबा आठवायला सांगते. (डोंबिवलीकर बाई लोकलवर येणारच, माझाही नाइलाज आहे.) धिप्पाड बाई दोन रांगांच्या मध्ये चेपून उभी असली तरी तिचा खांदा आणि पर्स मिळून बरंच काही बाहेर डोकावतं. दारात लटकलेली सडपातळ मुलगी पुरती वाऱ्यात असते, पण ती मुळात आहेच तेवढी. म्हणून प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कमाल उघड्या जागेनं भागायचं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तक्त्यात ग्लायसिनची कमाल १०४ आहे आणि ट्रिप्टोफॅनची २८५. भागाकार केला की ग्लायसिन ३८ टक्के उघडा निघतो आणि ट्रिप्टोफॅन जेमतेम १८ टक्के. मग कुणी २० टक्क्यांवर रेघ मारतो, कुणी २५ वर, आणि रेघेच्या वरचे 'बाहेरचे' ठरतात. ही रेघ निसर्गानं मारलेली नाही, आपण मारलेली आहे. वर्गात मी हे दरवर्षी दोनदा सांगते.

टिटवाळ्याहून येणारी एक विद्यार्थिनी त्या वर्षी हिमोग्लोबिनवर काम करत होती. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या: दोन अल्फा, १४१ मण्यांच्या, दोन बीटा, १४६ मण्यांच्या. तिनं जगभर वापरली जाणारी रचनेची फाइल घेतली, आकडे काढले आणि घाबरी होऊन माझ्याकडे आली. "मॅडम, बीटा साखळीतला सदतिसावा ट्रिप्टोफॅन बाहेर दाखवतोय. एवढा मोठा तेलकट मणी बाहेर कसा?" मीही शहाणपणा करून तिच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला. त्रिज्यांचा तक्ता बघ, ठिपके वाढव, असं सांगत दोन दिवस तिला पिदवलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की गणित बरोबर होतं. कामाच्या सोयीसाठी तिनं फाइलमधून फक्त एक बीटा साखळी कापून घेतली होती. एकटी साखळी मोजली तर तो ट्रिप्टोफॅन खरोखरच उघडा आहे. बाकीच्या तीन साखळ्या परत ठेवून मोजलं, तर तो शेजारच्या अल्फा साखळीला चिकटून जवळजवळ नाहीसा झाला. मण्याची जागा तसूभरही हलली नव्हती. शेजारी कोण आहे एवढंच बदललं होतं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम," आणि माझ्या डोक्यात बुवांचा कांदा परत आला. बुवांनी आत आणि बाहेर हे वस्तूचे दोन भाग मानले होते, फोडीसारखे. आमच्या हिशेबात ते भाग ठरतच नाहीत, जोपर्यंत कुणी दुसरं येऊन टेकत नाही. पाणी टेकलं तर एक उत्तर. मोठा चेंडू घेतला, पाण्याऐवजी एखाद्या प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) बोटाएवढा, तर दुसरं. कारण बारीक खाचांत तो शिरणारच नाही. त्याच प्रथिनाची बाहेरची बाजू चेंडूगणिक वेगळी निघते. एखादी गोष्ट 'वरवरची' आहे असं कुणी म्हणालं की मला आता विचारावंसं वाटतं: कुणाला वरवरची?

बुवांच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर ही भांडखोर लेखिका ठरायची. गाभा महत्त्वाचा आहेच. उत्क्रांतीत गाभ्यातले मणी जपले जातात, बाहेरचे त्या मानानं भराभर बदलतात. गाभ्यातला एक तेलकट मणी काढून तिथे पाणीवेडा बसवला तर बऱ्याचदा अख्खी घडीच विस्कटते. आतलं टिकतं, बाहेरचं पालटतं, हे बुवांचं वाक्य आमच्या तक्त्यांत आकड्यांनी दिसतं. पण त्यावरून बाहेरचं सोंग ठरत नाही. प्रथिनाला जे काही करायचं असतं, कुणाला धरायचं, कुणाला ओळखायचं, कुणाकडून ओळखलं जायचं, ते सगळं पृष्ठभागावर आणि त्याच्या खाचांत घडतं. शरीरातली प्रतिपिंडं विषाणूला त्याच्या पृष्ठभागावरूनच पकडतात. पुणे विद्यापीठातल्या अशोक कोळस्कर आणि टोणगावकर यांनी १९९० साली एक पद्धत मांडली: प्रथिनाच्या कोणत्या तुकड्यावर प्रतिपिंडं येऊन बसतील याचा अंदाज बांधायची. सुमारे ७५ टक्के वेळा अंदाज बरोबर येतो असं त्यांनी लिहिलं आणि ती पद्धत आजही जगभर वापरतात. त्यांचं एक निरीक्षण मला फार आवडतं. सिस्टीन, ल्यूसिन, व्हॅलिन हे एरवी आत राहणारे तेलकट मणी जर पृष्ठभागावर सापडले, तर ते प्रतिपिंडांच्या पकडीत येण्याचा संभव जास्त. पुढे २००५ साली ऊर्मिला कुलकर्णी-काळे, भोसले आणि कोळस्कर यांनी पुण्यातूनच आणखी एक साधन दिलं, ज्यात माळेत लांब असलेले पण घडीत जवळ आलेले उघडे मणी एकत्र धरून बघता येतात.

बाहेर आलेला व्हॅलिन म्हणजे काय असतं, ते मात्र मी मुरबाडला पाहिलं.

कॉलेजच्या शिबिरासाठी आम्ही कल्याणहून एसटीनं मुरबाड आणि तिथून पुढे एका आदिवासी वाडीवर गेलो होतो. आरोग्य खात्याची माणसं सिकलसेलची तपासणी करत होती. चाचणी साधी: बोटाचं थोडं रक्त एका द्रावणात सोडायचं. त्यातली रसायनं तांबड्या पेशी फोडतात आणि हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतात. पाच मिनिटांनी नळी काळ्या रेघा छापलेल्या कागदासमोर धरायची. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढच्या तपासणीला रक्त पाठवायचं, कारण नुसता वाहक कोण आणि आजारी कोण हे ही नळी सांगू शकत नाही. रांगेत सातवीतली एक मुलगी होती. हातपाय आणि पाठ दुखते म्हणून तिची शाळा बुडायची. आई सांगत होती, "मास्तर म्हणतात, सोंग करते." मुलगी खाली बघत होती आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं कापसाचा बोळा दाबून धरत होती.

हा आजार कशानं होतो ते आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. १९४९ साली पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६-५७ मध्ये इन्ग्रॅमनं तो एका मण्यावर आणून ठेवला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायचं, तिथे व्हॅलिन आहे. सहावी जागा पृष्ठभागावर आहे. गाभा जिथल्या तिथे, घडी जशीच्या तशी, ऑक्सिजन धरायचं कामही चालू. बुवांच्या भाषेत सांगायचं तर अंतरंग शुद्ध. पण पाणीवेड्या मण्याच्या जागी तेलकट मणी उघड्यावर आला, आणि त्याला पाण्यापासून तोंड लपवायला जागा हवी. ती जागा शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीवर असते: ८५ व्या फेनिलअॅलानिन आणि ८८ व्या ल्यूसिनपाशी एक छोटी खोबण. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत ती उघडते. व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतो. त्या रेणूचा व्हॅलिन पुढच्याच्या खोबणीत, असं करत दोऱ्या वळत जातात, आणि गोल पेशी विळ्यासारखी ताणली जाते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि सातवीतली मुलगी रात्रभर रडते.

ती खोबण माझ्या हिमोग्लोबिनमध्येही आहे, तुमच्याही. आपल्याकडे तिच्यात येऊन बसणारं कुणी नाही, एवढंच. आईबापांपैकी एकाकडूनच हा बदल आलेल्या माणसाला सहसा त्रास होत नाही. उलट मलेरियापासून त्याला थोडं संरक्षण मिळतं, आणि म्हणून मलेरियाच्या रानांत राहिलेल्या पिढ्यांमध्ये हा व्हॅलिन टिकला. तोच मणी, त्याच जागी. एकाला ढाल आणि दोन्हीकडून आला तर शिक्षा. त्याला चांगला किंवा वाईट ठरवायचं तर आजूबाजूला काय आहे ते विचारावं लागतं. आतल्या शुद्धतेवर भागत नाही.

शिबिरावरून आल्यावर मी वडिलांच्या कपाटातलं तैत्तिरीय उपनिषद काढलं. वडील ते रोज वाचायचे. मी परीक्षेत विचारलं जाणार नाही म्हणून कधी उघडलं नव्हतं. त्यात कांदा कुठेच नाही. तिथे प्रत्येक आतला कोश बाहेरच्या कोशाला भरून राहिलेला आहे. आणि मला थांबवणारी गोष्ट पुढे होती: आतला कोश माणसाच्या आकाराचा का, तर बाहेरचा माणसाच्या आकाराचा आहे म्हणून. बाहेरच्याला धरून आतला घडलेला. डोकं, उजवी बाजू, डावी बाजू, धड, शेपूट, असं प्रत्येक थराचं अंगांसकट वर्णन आहे आणि कुठलाही थर सोलून टाकायला सांगितलेला नाही. पुढच्या वल्लीत भृगू बापाकडे पुन्हा पुन्हा जातो, अन्नापासून सुरुवात करून आनंदापर्यंत पोचतो; आणि आनंद कळल्यानंतर लगेच त्याला व्रत दिलं जातं, ते अन्नाची निंदा न करण्याचं. सगळ्यात आत पोचलेल्या माणसाला सगळ्यात बाहेरच्या थराबद्दल नीट बोल, असं बजावलेलं आहे. सबंध प्रवचनात हे व्रत मी ऐकलं नव्हतं. पाऊस पडत होता, कदाचित माझं लक्ष नसेल.

आतलं खरं आणि बाहेरचं सोंग, हे तत्त्वज्ञान ऐकायला नम्र वाटतं, पण ते कोण कुणाला सांगतं ते बघावं. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, देवळाबाहेर. ज्यांना आयुष्यभर आत येऊ दिलं नाही त्यांना देव अंतरात आहे असं सांगणं सोपं होतं. सांगणारे स्वतः मात्र गाभाऱ्यात उभे होते. दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. भाव शुद्ध असला की कुठेही उभं राहिलं तरी चालतं, या युक्तिवादावर त्यांचं समाधान झालं नाही, आणि ते बरं झालं.

हे सगळं मी मावशीला सांगितलं, व्हॅलिनसकट. ती म्हणाली, "तू मला अंबरनाथला ने."

अंबरनाथचं शिवमंदिर आमच्यापासून गाडीनं फार लांब नाही, तरी आम्ही दोघी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे १०६०. शेजारून वालधुनी वाहते, तिच्या वासाबद्दल न बोललेलं बरं. मंदिराची भिंत सरळ अशी नाहीच. कोन बाहेर येतो, आत जातो, पुन्हा बाहेर येतो. प्रत्येक कोनावर मूर्ती, मूर्तीच्या खाली पट्टे, पट्ट्यांत हत्ती. एवढ्याशा जागेत एवढी भिंत कशी मावली असेल, असं वाटत राहतं. मी सवयीनं चेंडू फिरवून बघितला. टेनिसचा चेंडू अर्ध्या खाचांत जाणार नाही. मोहरीचा दाणा जाईल. माझ्या डोळ्यांसमोर एक मुंगी नर्तिकेच्या कमरेमागच्या सांदीत शिरली आणि दुसरीकडून बाहेर आली. तिच्यासाठी हे मंदिर आमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. पुढे आलेल्या मूर्तींची नाकं-बोटं पावसानं झिजवली आहेत. सांदीतल्या मूर्तींची नखंसुद्धा शाबूत आहेत.

शंकराची प्रदक्षिणा अर्धीच घालायची असते, म्हणून मावशी उत्तरेच्या बाजूला थांबून मागे फिरली. मी पूर्ण फेरी मारली. "मी बघायला आलेय, प्रदक्षिणेला नाही," असं म्हटल्यावर ती म्हणाली, "तुझं तू बघ."

गाभारा इथे जमिनीखाली आहे. मंडपातून वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली साध्या भिंती, पिंड, आणि वर छताऐवजी आभाळ. बाहेर तसूभर जागा मोकळी न सोडणाऱ्या कारागिरांनी आत जवळजवळ काहीच कोरलेलं नाही, आणि सगळ्यात आतल्या जागेत पाऊस थेट पडतो. माझ्या चेंडूनं ती जागा बाहेरची ठरवली असती. मावशीला मी हे वरून ओरडून सांगितलं नाही, देवळात बरं दिसत नाही. परत वर आले तेव्हा ती मंडपाच्या तोंडाशी उभी होती. पायऱ्या बघून तिच्या गुडघ्यानं नकार दिला होता.

"धरून नेऊ का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. बाहेर आली, जवळच्या भिंतीला उजवा तळवा टेकवला, तो कपाळाला लावला, आणि चपला शोधायला लागली. आदल्या रात्रीच्या पावसानं दगड अजून ओला होता.